सिबिल रिपोर्टमधल्या चुकीच्या नोंदी: बँकेला पत्र नेमकं कसं लिहायचं?

नीलमोहर

गृहकर्जाचा अर्ज सिबिल ६४१ आहे म्हणून परत आला. रिपोर्ट काढल्यावर तीन नोंदी अडचणीच्या दिसल्या.

एक, वैयक्तिक कर्ज. १४ मार्च २०२३ ला पूर्ण फेडलं, एनओसी (ना-देय प्रमाणपत्र) हातात आहे. रिपोर्टमध्ये मात्र खातं अजून चालू आणि ओव्हरड्यू ४,३१८ रुपये.

दोन, क्रेडिट कार्ड. ६२,००० थकले होते, २०२१ मध्ये बँकेशी तडजोड करून ३५,००० भरले. आता तिथे ‘सेटल्ड’ असं आहे.

तीन, कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं ८,००० रुपयांचं कर्ज. हे घेतलेलंच नाही.

बँकेला दोन ईमेल केले, दोन्हींना फक्त आपोआप येणारं उत्तर आलं. एक एजंट १५,००० रुपयांत ‘सिबिल साफ’ करून देतो म्हणतोय. इंटरनेटवर ‘सेक्शन ६०९’ची तयार पत्रं मिळतात, ती इथे चालतात का? पत्र कुणाला लिहायचं, त्यात काय लिहायचं, सोबत काय जोडायचं?

---

खतावणी

आधी ६०९ बाजूला ठेवा. ते कलम अमेरिकेच्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टमधलं आहे. आपल्या बँकेच्या तक्रार कक्षाला त्याचा काही अर्थ लागणार नाही. उलट मजकूर कुठून तरी उचललेला आहे एवढंच त्यांना कळेल आणि पत्राचं वजन जाईल. आपल्याकडे लागू आहे तो पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५, आणि त्यातलं तुमच्या कामाचं कलम २१. त्यानुसार कर्जदार आपल्या माहितीतली चूक दुरुस्त करा अशी मागणी करू शकतो, आणि मागणी आल्यावर ३० दिवसांत त्यावर पावलं उचलणं बंधनकारक आहे.

त्याच कलमात एक अट आहे आणि बहुतेक पत्रं ती माहीत नसल्यामुळे वाया जातात. सिबिल असो, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स की क्रिफ हाय मार्क, या चार पत माहिती कंपन्यांपैकी कुणीही स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ज्या बँकेने माहिती पाठवली तिने ‘दुरुस्ती बरोबर आहे’ असं प्रमाणित केल्यावरच ती बदलते. म्हणून सिबिलच्या वेबसाइटवर नुसतं ‘डिस्प्यूट’ दाबलं, तर तो प्रश्न बँकेकडे जातो, तिथला कर्मचारी आपल्या सिस्टीममध्ये बघतो, सिस्टीममध्ये तीच चूक बसलेली असते, आणि ‘माहिती बरोबर आहे’ असं उत्तर परत येतं. मूळ चूक बँकेच्या खतावणीत आहे, तेव्हा मुख्य पत्र बँकेलाच हवं. डिस्प्यूट त्याच्या जोडीला टाकायचा.

दुसरं, तुमच्या तीन नोंदी म्हणजे तीन वेगळी प्रकरणं आहेत. पहिली चूक आहे, दुसरी खरी आहे पण त्रासदायक, तिसरी फसवणूक. एकाच पत्रात तिन्ही कोंबू नका. तीन वेगवेगळ्या संस्थांना तीन पत्रं. एकाच बँकेच्या दोन खात्यांचा घोळ असला तरी दोन पत्रं लिहावीत, कारण आत गेल्यावर कर्जाचा विभाग वेगळा, कार्डाचा वेगळा. एकाने आपला भाग बघितला की तक्रार ‘निकाली’ लागते आणि दुसरा भाग तसाच राहतो.

आता पहिल्या नोंदीचं पत्र. ते एका पानात बसलं पाहिजे. वाचणाऱ्याला चार गोष्टी हव्या असतात: कुठलं खातं, रिपोर्टमधल्या कुठल्या रकान्यात काय आहे, तिथे काय हवं, आणि पुरावा कोणता. गृहकर्ज अडलं, मनस्ताप झाला हे खरं असलं तरी त्यावर परिच्छेद लिहू नका, कारण त्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच करता येत नाही.

मसुदा असा (प्रिन्सिपल नोडल ऑफिसर म्हणजे तक्रारींसाठी बँकेने नेमलेला वरिष्ठ अधिकारी):

*प्रति,*
*प्रिन्सिपल नोडल ऑफिसर,*
*(बँकेचे नाव व पत्ता)*

*विषय: कर्ज खाते क्र. ________ बाबत पत माहितीतील चुकीची नोंद दुरुस्त करणे. पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५, कलम २१ खाली मागणी.*

*महोदय/महोदया,*

*वरील कर्जाची संपूर्ण परतफेड दि. १४ मार्च २०२३ रोजी झाली असून आपण दि. ________ रोजी ना-देय प्रमाणपत्र दिले आहे. तरीही ट्रान्सयुनियन सिबिलच्या दि. ________ च्या अहवालात (कंट्रोल नंबर ________) हे खाते चालू दाखवले आहे, ‘अमाउंट ओव्हरड्यू’ ४,३१८ रुपये आहे, ‘डेट क्लोज्ड’ रिकामी आहे आणि एप्रिल २०२३ पासून पुढील महिन्यांत थकीत दिवस दाखवले आहेत.*

*कृपया पुढील दुरुस्ती करून ती चारही पत माहिती कंपन्यांना पाठवावी: खाते बंद, ‘डेट क्लोज्ड’ १४ मार्च २०२३, ‘करंट बॅलन्स’ व ‘अमाउंट ओव्हरड्यू’ शून्य, मार्च २०२३ नंतरच्या सर्व महिन्यांतील थकीत दिवसांच्या नोंदी रद्द.*

*४,३१८ रुपये येणे आहे असे आपले म्हणणे असल्यास ती रक्कम कोणत्या तारखेला, कोणत्या आकारापोटी लावली याचा तपशील व पूर्ण खातेउतारा द्यावा. मागणी नाकारायची असल्यास कारण लेखी कळवावे.*

*दुरुस्ती केल्याचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे, ही विनंती.*

*सोबत: ना-देय प्रमाणपत्र, शेवटचा हप्ता वळता झाल्याचा बँक उतारा, अहवालातील संबंधित पान.*

यात दोन ओळी मुद्दाम घातल्या आहेत.

एक म्हणजे मार्च २०२३ नंतरचे महिने. खातं चालू राहिल्यामुळे त्या ४,३१८ वर महिन्यामागून महिना डीपीडी, म्हणजे थकीत दिवसांचा आकडा, चढत गेलेला असणार: ०३०, ०६०, ०९०. तुम्ही फक्त ‘खातं बंद करा’ लिहिलं तर बँक खातं बंद करते, शिल्लक शून्य करते, आणि मागचे आकडे तसेच ठेवते. रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांपर्यंतचा हा इतिहास दिसतो आणि कर्ज देणारा अधिकारी स्कोअरच्याही आधी तोच बघतो. ही मागणी शब्दांत लिहिलेली नसेल तर कुणी आपणहून करत नाही.

दुसरी, ४,३१८ चा तपशील. असा विचित्र आकडा बहुधा हप्ता परत गेल्याच्या आकाराचा, दंडाचा किंवा शेवटच्या काही दिवसांच्या व्याजाचा असतो. एनओसी देणाऱ्या शाखेला तो दिसला नाही आणि सिस्टीममध्ये राहिला. बँकेने तो लेखी मान्य केला की तो एनओसीनंतर कसा उरला हे तिलाच सांगावं लागतं.

पत्र पाठवण्याआधी एनओसीवरचा खाते क्रमांक रिपोर्टमधल्या क्रमांकाशी अंकन् अंक ताडून बघा. नाव, जन्मतारीख, पॅन हेही जुळवा. इथे फरक असेल तर ‘खाते आढळले नाही’ असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो.

---

पोचपावती

खतावणी यांनी पत्राचं सांगितलं, मी ते पोचवण्याचं सांगतो. चांगलं पत्र चुकीच्या टेबलावर पडलं की पडलं.

शाखेत देणार असाल तर दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. सोबत तक्रार बँकेच्या तक्रार पोर्टलवर किंवा अधिकृत ईमेलवरही नोंदवा आणि तिथला तक्रार क्रमांक पत्रावर लिहा. शाखा व्यवस्थापकाला तोंडी सांगून आल्याला तक्रार म्हणत नाहीत. पोस्टाने पाठवायचं तर स्पीड पोस्ट. रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालं आहे. नोंदणी आणि पोच यांची सोय मागून घ्या आणि ट्रॅकिंगचं पान उतरवून ठेवा, ते पुढे वेबसाइटवरून निघून जातं.

तारखेचा एवढा आग्रह का, तर तिथून घड्याळ सुरू होतं. रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ ला परिपत्रक काढून भरपाईचा नियम केला आणि तो २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेकडे किंवा पत माहिती कंपनीकडे तक्रार पहिल्यांदा नोंदवल्यापासून ३० दिवसांत ती सुटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये तक्रारदाराला मिळतात. सुट्ट्यांसकट, कॅलेंडरचे दिवस. या ३० दिवसांत बँकेच्या वाट्याला २१ असतात: कळल्यापासून २१ दिवसांत तिने दुरुस्त माहिती पाठवायची. तिने उशीर केला तर भरपाई बँक देते. तिने वेळेत पाठवूनही सिबिलने किंवा इतरांनी बदल केला नाही, तर ती कंपनी देते.

हिशेब असा: तक्रार २ जूनला, ३० दिवस २ जुलैला संपले, दुरुस्ती २० जुलैला. १८ दिवस, १,८०० रुपये. रक्कम मोठी नाही, पण पत्रात हा नियम एका वाक्यात लिहिला की फाइल हलते, कारण प्रत्येक दिवसाचा खर्च कुणाच्या तरी नावावर पडतो. स्कोअर कसा काढला याविषयीच्या तक्रारीला ही भरपाई नाही. म्हणून ‘माझा स्कोअर वाढवून द्या’ असं कधीच लिहू नका. मागणी नोंदीच्या दुरुस्तीचीच हवी.

परिपत्रकांचे क्रमांक पत्रात घालायच्या फंदात पडू नका. ती एकत्र होतात, क्रमांक बदलतात, आणि जुना क्रमांक लिहिला की उत्तर देणाऱ्याला आडून बसायला जागा मिळते. ‘पत माहिती दुरुस्तीतील विलंबाबाबत रिझर्व्ह बँकेने ठरवलेली प्रतिदिन १०० रुपये भरपाई’ एवढं पुरतं.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटण्यासारखं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. सीएमएस या तिच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. पत माहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण बँकेचं उत्तर आलेलं नसताना ३० दिवस व्हायच्या आत गेलात तर तक्रार परत येते, आणि बँकेकडे आधी लेखी तक्रार केल्याचा पुरावा नसेल तरीही परत येते. मुदत संपली की रेंगाळू नका, लगेच टाका. मात्र तीच तक्रार आधीच कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल ती घेत नाही.

चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा. प्रत्येकीकडून कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. सिबिलमध्ये दुरुस्ती झाली आणि तुमच्या बँकेने क्रिफ हाय मार्क बघितलं, असं व्हायला नको.

एजंटला पैसे देऊ नका. तो हेच डिस्प्यूट तुमच्या लॉगिनने टाकतो, आणि त्यासाठी तुमचा पॅन, जन्मतारीख आणि ओटीपी त्याच्याकडे जातो. तुमची तिसरी नोंद असल्याच गळतीतून आलेली असू शकते.

---

हप्तेबंद

दुसऱ्या नोंदीवर कुणी बोललं नाही, आणि चुका तिथेच जास्त होतात.

‘सेटल्ड’ ही चूक नाही. ६२,००० पैकी ३५,००० भरले, २७,००० बँकेने सोडून दिले. रिपोर्टमध्ये जे झालं तेच लिहिलं आहे. ‘नोंद चुकीची आहे’ असा डिस्प्यूट टाकलात तर तो फेटाळला जाणार, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकन नमुन्यांत ‘सद्भावना म्हणून नोंद काढा’ अशी पत्रं असतात. इथे बँकेला खरी माहिती पाठवणं बंधनकारक आहे, त्यामुळे त्यांचा उपयोग होत नाही. सात वर्षांनी नोंद आपोआप जाते यावरही विसंबू नका. पत माहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं ठेवायची, असा तो नियम आहे. किमान.

इथे पत्र लिहायचं ते प्रस्तावाचं. तडजोडीत सोडलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करून घेण्याची तयारी आहे, त्यासाठी नेमकी किती रक्कम भरावी लागेल ते लेखी कळवा. कधी बँक फक्त सोडलेली रक्कम मागते, कधी वर व्याज लावते, कधी घासाघीस होते. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी बँकेच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवर हव्यात: रक्कम, ती भरण्याची मुदत, आणि भरल्यावर रिपोर्टमध्ये काय नोंद होईल. तिसरी गोष्ट वसुली एजन्सीचा माणूस फोनवर सांगेल. ती कागदावर आली नाही तर २७,००० भरूनही ‘सेटल्ड’ तसंच राहतं, आणि मग तक्रार करायला आधार उरत नाही. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा, एजन्सीच्या किंवा व्यक्तीच्या खात्यात नाही.

मजकूर असा ठेवा:

*‘वरील कार्ड खाते सन २०२१ मध्ये ३५,००० रुपयांस तडजोडीने बंद झाले आहे (आपले पत्र दि. ________). कोणतेही देणे मान्य न करता व माझे हक्क अबाधित ठेवून, सदर खात्याची नोंद “क्लोज्ड” अशी होण्यासाठी भरावयाची एकरकमी रक्कम लेखी कळवावी. ती भरल्यानंतर खाते बंद दाखवून “सेटलमेंट अमाउंट” व “रिटन-ऑफ अमाउंट” हे रकाने निरंक केले जातील, याची खात्री त्याच पत्रात द्यावी.’*

‘कोणतेही देणे मान्य न करता’ हे शब्द वगळू नका. जुन्या कर्जाच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपायच्या आत तुम्ही सही करून ‘माझ्याकडे इतके येणे आहे’ असं लिहून दिलंत, तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदत उलटल्यावरही ‘मी हे भरीन’ असं लेखी वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम २५ खाली ते बंधनकारक ठरू शकतं. तुमच्या प्रकरणात तडजोड पुरी झाली आहे, त्यामुळे धोका कमी. पण ज्यांच्या रिपोर्टमध्ये ‘रिटन-ऑफ’ आहे त्यांनी हे शब्द नक्की घालावेत. ‘रिटन-ऑफ’ म्हणजे कर्ज माफ झालं असं बरेच जण समजतात. ती बँकेच्या हिशेबातली नोंद असते, वसुली त्यामुळे थांबत नाही.

‘क्लोज्ड’ झाल्यावरही २०२०-२१ मधले थकीत महिने इतिहासात राहतील. ते खरे आहेत, ते काढा म्हणून लिहू नका. खऱ्या नोंदी काढायला सांगणाऱ्या पत्रातल्या खऱ्या तक्रारींकडेही संशयाने बघितलं जातं.

---

नीलमोहर

खूप आभार. दोन अडचणी आहेत. कर्ज देणारी कंपनी मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली, त्यामुळे एनओसीवर जुना क्रमांक आहे आणि रिपोर्टमध्ये नवा. आणि शाखेत पोच द्यायला नकार देतात, ‘ईमेल करा’ म्हणतात.

---

खतावणी

विलीनीकरण झालं असेल तर चूक कुठे झाली असेल याचा अंदाज येतो. खाती एका सिस्टीममधून दुसऱ्या सिस्टीममध्ये नेताना बंद खातं ‘चालू’ म्हणून उतरलं असणार. पत्राच्या विषयातच दोन्ही क्रमांक लिहा: ‘जुना क्रमांक अमुक, विलीनीकरणानंतरचा क्रमांक तमुक’. आणि मसुद्यात एक वाक्य वाढवा: ‘जुन्या कंपनीने दिलेले ना-देय प्रमाणपत्र आपणांवर बंधनकारक आहे.’ दोन्ही क्रमांक एकाच कर्जाचे आहेत हे दाखवायला मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम आणि हप्त्याचा आकडा द्या. हे तिन्ही क्रमांक बदलला तरी बदलत नाहीत.

कर्ज बँकेने मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलं असेल तर पत्र त्या कंपनीला, प्रत मूळ बँकेला. रिपोर्टमध्ये कर्ज देणारा सदस्य म्हणून ज्या संस्थेचं नाव आहे तीच दुरुस्ती पाठवू शकते, हे सूत्र धरा.

पोच देत नसतील तर वाद घालू नका. तिथूनच पत्राचा फोटो जोडून बँकेच्या अधिकृत तक्रार ईमेलवर पाठवा आणि मजकुरात लिहा: ‘हे पत्र आज दि. ____ रोजी दुपारी ____ वाजता ____ शाखेत दिले असता पोच देण्यात आली नाही.’ त्याच दिवशी स्पीड पोस्टही करा. आणि पत्र इंग्रजीत टंकलेलं बरं. मराठी पत्र शाखा घेते, पण दुरुस्ती करणारा कक्ष बहुधा दुसऱ्या राज्यात असतो, आणि भाषांतराच्या नावाखाली आठवडा जातो. लोकपालाकडची तक्रार मराठीत केली तरी चालते.

---

कुलूपकिल्ली

तिसऱ्या नोंदीबद्दल. हे आज करा, पहिल्या दोन नोंदी आठवडाभर थांबल्या तरी चालतील.

८,००० भरून ‘मिटवून टाकू’ हा विचार मनातही आणू नका. भरलं की ते कर्ज तुम्ही स्वीकारल्यासारखं होतं, आणि त्याच कागदांवर दुसरं कर्ज निघू शकतं. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिचा पोच क्रमांक पत्रात लागतो. त्याशिवाय कंपनी पत्र गांभीर्याने घेत नाही.

असं छोटं कर्ज बहुधा मोबाइल अ‍ॅपवरून निघतं, पण रिपोर्टमध्ये अ‍ॅपचं नाव नसतं, अ‍ॅपच्या मागच्या फायनान्स कंपनीचं असतं. म्हणूनच नाव अनोळखी वाटतं. पत्र त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला.

या पत्राचा कणा म्हणजे पैसे कुठे गेले हा प्रश्न. डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार काही ठरावीक अपवाद सोडता कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यात जावी लागते, मधल्या कुणाच्या खात्यात नाही. तेव्हा कंपनीकडे मागा: रक्कम कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला जमा केली आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, कर्जाचा अर्ज आणि कराराची प्रत, केवायसीसाठी घेतलेला फोटो आणि कागद, कोणत्या मोबाइलवर ओटीपी गेला, हप्ता कापण्याचं मॅण्डेट कोणत्या खात्यावर आहे. सोबत तुमच्या सगळ्या बँक खात्यांचे त्या आठवड्याचे उतारे जोडा, म्हणजे ८,००० आलेच नाहीत हे दिसतं. मोबाइल क्रमांक तुमचा नसेल तर प्रकरण तिथेच बरंचसं सुटतं.

मागणी तीन गोष्टींची: खातं माझ्या नावावरून पूर्ण काढा (‘क्लोज्ड’ नको, कारण क्लोज्ड म्हणजे घेतलं होतं आणि फेडलं), त्या अर्जासाठी झालेली ‘एन्क्वायरी’ (कर्ज देणाऱ्याने तुमचा रिपोर्ट बघितल्याची नोंद) हीही काढा, आणि तपास होईपर्यंत वसुलीचे फोन थांबवा. एन्क्वायरी वेगळ्या पानावर असते, लोक ती विसरतात.

‘मला आठवत नाही’, ‘बहुधा मी घेतलं नसेल’ असं लिहू नका. ‘हे कर्ज मी घेतलेले नाही, अर्ज केलेला नाही, रक्कम मला मिळालेली नाही’, तीन सरळ वाक्यं. मात्र आधी घरात विचारून घ्या, कारण फोन वापरून घरातल्या कुणी कर्ज घेतलं असेल तर प्रकरण वेगळं होतं. आधार जोडायचंच असेल तर मास्क केलेलं जोडा आणि प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त अमुक तक्रारीसाठी, दि. ____’.

---

सोसायटीवाला

जरा वेगळा प्रश्न. सहकारी बँकेत मित्राला जामीन राहिलो होतो, त्याचे हप्ते थकले आणि माझ्या रिपोर्टमध्ये आलं. मी कर्ज घेतलेलं नाही असं पत्र देऊन नाव काढता येईल का?

---

हप्तेबंद

नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम १२८. दिलेल्या कर्जावरचा जामीन पत्र लिहून मागे घेता येत नाही. पत्र लिहायचं ते माहिती मागायला: आजची थकबाकी किती, किती हप्ते थकले, तारणाचं काय केलं, खातेउतारा द्या. थकीत रक्कम भरून खातं नियमित करणं परवडत असेल तर ती भरा, पावती स्वतःच्या नावाने घ्या, आणि ती रक्कम मित्राकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो. कर्ज संपल्यावर बेबाकी दाखल्यात जामीनदार म्हणून तुमचं नाव लिहून घ्या आणि त्याच आधारे रिपोर्टमधली तुमची नोंद बंद करायला लावा. कर्जदाराचं खातं बंद होऊन जामीनदाराचं चालू राहणं, हे बऱ्याचदा होतं.

तिथे ‘बँक’ आहे की पतसंस्था, तेही बघा. बहुतेक पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात. त्यांच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येत नाही, निबंधक कार्यालयाकडे जावं लागतं.

---

पोचपावती

नीलमोहर, शेवटचं. बँकेचं ‘दुरुस्ती केली’ असं पत्र आलं की त्याच दिवशी नवा रिपोर्ट काढायला धावू नका. बँका ही माहिती ठरावीक अंतराने पाठवतात (१ जानेवारी २०२५ पासून हे अंतर जास्तीत जास्त पंधरवड्याचं झालं). पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, मग रिपोर्ट काढा आणि त्या खात्यासमोरची ‘डेट रिपोर्टेड’ बघा. ती पत्राच्या तारखेनंतरची असेल आणि रकाने बदललेले असतील तर काम झालं. तारीख नवी पण आकडे जुनेच असतील, तर दुरुस्ती एकदा होऊन पुढच्या खेपेला जुनीच माहिती परत चढली आहे. अशा वेळी नव्याने सुरुवात करू नका. जुन्याच तक्रार क्रमांकावर दोन्ही रिपोर्टची पानं जोडून पाठवा, म्हणजे मूळ तारखेपासूनचे दिवस मोजा असा आग्रह तुम्हाला धरता येतो.

गृहकर्जाचा नवा अर्ज त्याआधी करू नका. प्रत्येक अर्जाची एक एन्क्वायरी पडते. घाई असेलच तर बँकेचं दुरुस्तीचं पत्र, जुना रिपोर्ट आणि ना-देय प्रमाणपत्र एकत्र घेऊन कर्ज अधिकाऱ्याला आधी दाखवा, आणि रिपोर्ट काढण्यापूर्वी ते फाइलला लावायला सांगा.